शिक्षण थांबण्याचे कारण

परभणी, रविवार, २ जून १९५७

ती. स्व. दादांस,
व्यंकटचा साष्टांग नमस्कार.

सव्वादोन वर्षांत तुम्हांला एक कार्डही टाकलं नाही. त्याची माफी कशी मागावी हे ठरवण्यात आजची सकाळ गेली. तीन मजकूर लिहिले आणि तिन्ही फाडले. पहिल्यात शाळेच्या कामाची सबब होती, दुसऱ्यात तब्येतीची. तिसऱ्यात सबब नव्हती, पण तो इतका नम्र झाला की वाचताना माझा मलाच खोटा वाटला. तेव्हा एवढंच लिहितो की पत्र लिहायला हवं होतं आणि मी लिहिलं नाही.

आता कामाचं. प्रमोदिनी मॅट्रिक पास झाली. भूगोल आणि मराठीत चांगले मार्क आहेत, गणितात मात्र काठावर निघाली. बाप गणिताचा मास्तर, तेव्हा यावर शाळेत सगळ्यांनी आपापली थट्टा करून घेतली. तिला औरंगाबादच्या कॉलेजात जायचं आहे. तिथं आपलं ओळखीचं एकही घर नाही, म्हणून वसतिगृहात जागा मिळाली तरच जाणं होईल. मुलींच्या वसतिगृहात जागा थोड्या, आणि नुसत्या मार्कांवर तिचा नंबर लागणार नाही.

अर्जासोबत एक वेगळा कागद आला आहे. 'संगीत पुरवणी' असं वर छापलं आहे. गाणं शिकलेल्या मुलींसाठी वसतिगृहात तीन जागा राखून ठेवल्या आहेत. पुरवणी जोडायची की नाही हे ज्यानं त्यानं ठरवायचं. गुरूचं नाव, शिक्षणाचा काळ, गुरूंचं प्रमाणपत्र असे रकाने आहेत. काळ किमान दोन वर्षं हवा, आणि कमी असला तर 'शिक्षण थांबण्याचे कारण' पालकानं आपल्या सहीनं लिहायचं. तळाला बारीक अक्षरात छापलं आहे की पुरवणीतली माहिती अपुरी किंवा चुकीची आढळली तर मूळ अर्जाचाही विचार होणार नाही. मी ही तळाची ओळ दिवसातून चारपाचदा वाचतो. पुरवणी जोडली नाही तर जागा मिळणं कठीण, आणि जोडून काही चुकलं तर आहे तेही जाईल.

माझ्या रोजनिशीत नोंद आहे. ११ जुलै १९५३, शनिवार : 'दादांनी प्रमीला समोर बसवलं. तासभर एकच सूर.' त्यानंतर दर शनिवारी तुम्ही येत होतात. शेवटची नोंद १२ मार्च १९५५ची. एक वर्ष आठ महिने झाले, चार महिने कमी पडतात. पुढं जे झालं ते तुम्ही जाणता, मीही जाणतो. इथं लिहीत नाही.

तुम्ही प्रमाणपत्र द्यावं अशी विनंती आहे. काळ किती लिहायचा ते तुमच्यावर सोडतो. अर्ज वीस तारखेच्या आत औरंगाबादेस पोचला पाहिजे.

पार्वतीवहिनींना नमस्कार.

आपला,
व्यंकट


परभणी, गुरुवार, ६ जून १९५७

ती. स्व. दादांस सा. नमस्कार.

रविवारच्या पत्राचं उत्तर आलं नाही. ताडकळसला टपाल पोचतं, तिथून तीन मैल गावात जायला एखादा दिवस जास्त लागत असेल, असा हिशेब मी करतो. काल पोस्टमनला दोनदा विचारलं. "मास्तर, असलं तर मी घरी नेऊन वाचीन का?" म्हणाला.

उत्तराची वाट न पाहता लिहितो, कारण त्या पत्रातलं एक वाक्य मला टोचतं आहे. 'काळ किती लिहायचा ते तुमच्यावर सोडतो.' वाचायला सभ्य आहे. लिहिताना मनात असं होतं की तुम्ही दोन वर्षं लिहावीत. म्हणजे खोटं तुमच्या हातून व्हावं आणि मी नुसता कागद चिकटवावा. हे वाक्य मागं घेतो.

दुसरी एक गोष्ट. आमच्या शाळेत किशनराव म्हणून गायनाचे शिक्षक आहेत. पेटीवर प्रार्थना बसवतात. माणूस मोकळा आहे. त्यांना पुरवणीचं कळलं तेव्हा म्हणाले, "दोन कशाला, पाच वर्षं लिहितो की. पोरगी रोज माझ्या प्रार्थनेला उभी राहत होती का नाही?"

"उभी राहत होती, पण तिला शिकवलं तुम्ही नाही."

"तुम्ही त्रैराशिक शिकवता. पोरं पुढं दुकानं लावतात. कुणी येऊन सांगतं का, की हे व्यंकटराव मास्तरांचं त्रैराशिक? दस्तखत घ्या अन् मला पेढे द्या."

मी हसून विषय टाळला.

घरी अंबिकाला सांगितलं. ती म्हणाली, "प्रमीच्या कानावर घालू नका. तिनं गुरूच्या रकान्यात काकांचं नाव शाईनं लिहूनसुद्धा टाकलं आहे." मग चुलीशी वळून, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तुमच्या वहीनं एकदा भाऊ घालवला. आता पोरीचं कॉलेज घालवू नका म्हणजे झालं."

म्हणून जे मागच्या पत्रात 'लिहीत नाही' म्हटलं ते आता लिहितो. तुम्हांला ते ठाऊक आहे. पण मला ते एकदा माझ्या अक्षरात बघायचं आहे.

१५ मार्च १९५५ला देवळाच्या सेवेच्या जमिनीची चौकशी झाली. प्रश्न एकच होता, आपल्या घराण्याची कीर्तनसेवा बालाजीपुढं अखंड चालू होती की नाही. गावातले पाच जण होती म्हणाले. साहेबांना त्यांच्या बोलण्याचा भरवसा वाटला नाही. मी शिकलेला, त्यातून रोजनिशी ठेवतो हे त्यांना कोणीतरी सांगितलं, म्हणून मला बोलावलं. मी वही घेऊन गेलो. ४८ सालचा श्रावण काढला. तेव्हा रझाकारांच्या भीतीनं निम्मं गाव वऱ्हाडात गेलेलं होतं. मीही बायकोमुलीला तिकडं पोचवून एका दिवसासाठी घर बघायला आलो होतो, तुमची गाठ पडली नव्हती. त्या दिवसाची नोंद मी साहेबांना वाचून दाखवली. 'देऊळ बंद. कुलूप. जाळीतून पाहिलं, गाभारा रिकामा. सेवा नाही.'

साहेबांनी ते शपथेवर लिहून घेतलं आणि तुम्हांला विचारलं, यावर काही सांगायचं आहे का? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि नाही म्हणालात. सेवा खंडित झाली असा निकाल झाला आणि जमीन गेली. पुढच्या शनिवारी प्रमी दारात बसून राहिली होती. तुम्ही आला नाहीत.

मी खरं तेच बोललो, असं तेव्हापासून स्वतःला सांगत आलो आहे. आपलाच भाऊ म्हणून वहीतलं पान लपवावं, हे मला जमलं नसतं. आजही जमणार नाही. आणि तरीही तुमच्याकडेच सही मागतो आहे. काय लिहायचं ते तुम्ही लिहा, किंवा लिहू नका.

व्यंकट


परभणी, मंगळवार, ११ जून १९५७

ती. स्व. दादांस सा. नमस्कार.

प्रमाणपत्र मिळालं. काल सकाळी आपल्या येडबा धनगराचा मल्हारी बकऱ्या घेऊन इथं आला होता. वाड्याबाहेर त्या बांधून दारात उभा राहिला आणि घोंगडीच्या घडीतून पाकीट काढलं.

"दादा म्हाराजांनी दिलंय. म्हणले, टपालात टाकू नको, हातात दे."

मी उभ्यानंच वाचलं. चार ओळी आहेत. 'चि. प्रमोदिनी ही माझ्याजवळ एक वर्ष आठ महिने कीर्तनाचे गायन शिकली आहे. सूर स्थिर आहे. मेहनतीला मागे हटत नाही. शिक्षण का थांबले ते तिच्या वडिलांनी लिहावे.' आणि खाली तुमची सही.

दादा, तुम्ही एक दिवसही वाढवून लिहिला नाही. माझ्या वहीशी तुमचा आकडा तंतोतंत जुळला. त्याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण शेवटची ओळ वाचून हातातला कागद जड झाला.

मल्हारीला चहा दिला. तो ओट्यावर बसला. मी विचारलं, "दादा आणखी काही बोलले का?"

"बोलायला गळा कुठं हाय त्यांना? एक अभंग झाला की खोकला लागतो. वैद्य म्हणतो वाताचं हाय. माय म्हणती, कसलं वाताचं, त्या साली खालच्या पट्टीत गाऊन गाऊन गळा बसला म्हाराजांचा."

"कुठल्या साली?"

"गडबडीच्या. देव आमच्या वाड्यावर व्हता न्हाई का, तवा."

मी विचारलं, कुठला देव. तो हसायला लागला. "काय मास्तर, तुमच्याच घरातलं तुमालाच ठाव न्हाई व्हय? बालाजी. दुसरा कुठला?"

त्यानं जे सांगितलं ते तुम्हांला सांगण्याची गरज नाही, पण मी कालपासून तेच मनात घोळवतो आहे, म्हणून त्याच्याच शब्दांत लिहितो.

"लोकं गाव सोडून जायलेत म्हणल्यावर दादा म्हाराजांनी देव उचलला अन् माझ्या बाकडं आणला. रानात, मेंढवाड्यात कोण हुडकायलाय? बानं पाटीत ठिवला, घोंगडीत गुंडाळून. दोन म्हैने वीस दिस. दिस कलला की म्हाराज यायचे. टाळ धोतराच्या सोग्यात बांधलेले, वाजू नयेत म्हून. आमी घरची पाच मानसं, दोन कुत्री अन् मेंढरं. एवढ्यांपुढं कीर्तन. लय बारीक आवाजात, पर सगळं, नमनापासून आरतीपातूर. एक दिस चुकला न्हाई. माय म्हणायची, मेंढरं लवकर येऊन म्होरं बसायलेत, मानसांनी मागंच बसावं."

मी विचारलं, "मग हे त्यांनी चौकशीत का सांगितलं नाही?"

"कसली चौकशी?"

मला ते त्याला सांगावं लागलं. जमीन कशी गेली, कोणाच्या जबाबावर गेली, सगळं. त्याचा चहा तसाच राहिला. म्हणाला, "आमाला वाटलं, सरकारानं सगळ्यांच्याच नेल्या तशी म्हाराजांची नेली." मग, "सांगतील कसे, मास्तर? बेलभंडार उचललाय त्यांनी."

मल्हारीचा बाप येडबा भ्याला होता. देव धनगराच्या पाटीत राहिला, मेंढरांच्या वासात राहिला, हे कळलं तर गाव म्हणेल देव बाटला, आणि दंड आपल्याला भरावा लागेल. तेव्हा तुम्ही त्यांच्या बिरोबापुढं बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन शपथ वाहिलीत, येडबाच्या घरानं तोंड उघडल्याशिवाय मी उघडणार नाही. कीर्तनकार माणूस, आणि दुसऱ्याच्या देवाचा भंडारा उचललात. तो आजवर पाळलात. साहेबांपुढंही, माझ्यापुढंही.

"बा चैतात गेला. त्यानं काई तोंड उघडलं न्हाई," मल्हारी म्हणाला. "अन् आज मी उघडून बसलो. आता मायला काय सांगू?"

दादा, त्याच्यावर रागावू नका. मी विचारलं म्हणून तो बोलला. मला हे ठाऊक असणारच, असं तो धरून चालला होता.

तो गेल्यावर मी ४८ची वही काढली. देऊळ बंद होतं हे मी पाहिलं होतं. कुलूप पाहिलं होतं. गाभारा रिकामा होता हेही पाहिलं होतं. 'सेवा नाही' हे मी पाहिलं नव्हतं. ते माझं अनुमान होतं, आणि मी ते बाकीच्या नोंदींच्या ओळीत, त्याच शाईनं लिहिलं. सात वर्षांनी साहेबांपुढं वाचताना माझं मलाही आठवलं नाही, की यातलं डोळ्यांनी पाहिलेलं किती आणि मनानं जोडलेलं किती. मी पोरांना वर्गात सांगतो, दिलेलं काय आणि काढायचं काय ते आधी वेगळं लिहा.

आणखी एक कबूल करायचं आहे. किशनरावांचं प्रमाणपत्र मी हसून टाळलं असं मागं लिहिलं. टाळलं नव्हतं, घेतलं होतं. तुम्हांला पहिलं पत्र लिहिताना ते टेबलाच्या खणात होतं.

व्यंकट


परभणी, गुरुवार, १३ जून १९५७

ती. स्व. दादांस सा. नमस्कार.

सात दिवस उरले. टपालाचे दोन वजा केले तर पाच.

किशनरावांना त्यांचा कागद परत दिला. रागावले नाहीत. "नाही चालला?" म्हणाले.

"चालला असता, म्हणूनच परत करतो."

"तुमचं गणित मला कळत नाही. पेढे तरी द्या."

कारणाचा रकाना दोन बोटं उंचीचा आहे. काल शाळेतून आल्यावर मी शिसपेन्सिलीनं त्यात लिहिलं, 'कौटुंबिक अडचण'. शब्द खोटे नाहीत. लोक असंच लिहितात, आणि वाचणारा पुढं जातो. मग खोडलं, कारण ते इतकं बरोबर बसत होतं की माझ्या नोंदीतलं 'सेवा नाही' डोळ्यांपुढं आलं.

सगळं खरं लिहायचं तर पुढच्या अडचणी अशा. अर्जावर हेडमास्तरांची सही लागते, म्हणजे ते हे वाचणार. त्यांच्या मास्तरानं शपथेवर चुकीचा जबाब दिला होता, हे त्यांना त्याच्याच अक्षरात कळणार. नोकरीचं काय होईल ते मला सांगता येत नाही. कॉलेजातले लोक वाचतील आणि म्हणतील, हे कसलं कुटुंब, या घरची मुलगी वसतिगृहात कशाला? शिवाय मी इथं 'जबाब चुकीचा होता' लिहिणार आणि सरकारी कागदात तोच जबाब खरा म्हणून पडलेला असणार. कोणी ताडून पाहिलं तर माझी माहिती चुकीची ठरेल आणि तळाच्या त्या ओळीप्रमाणे प्रमीचा सगळाच अर्ज जाईल. आणि या सगळ्याच्या आधी, ही गोष्ट सांगायचा मला हक्क आहे का? शपथ तुमची, भीती येडबाची. मल्हारी मायला विचारून येतो म्हणून गेला, तो अजून आलेला नाही.

हे माझं मोजणं चालू असताना प्रमी दारात येऊन उभी राहिली. मल्हारीचं बोलणं तिनं त्या दिवशी आतून ऐकलं होतं. म्हणाली, "बाबा, पुरवणी जोडूच नका. साधा अर्ज पाठवू. नंबर लागला तर लागला."

"लागणार नाही."

"मग इथंच राहीन. शाळेत लहान मुलींना शिकवीन. पण काकांचं नाव खोडून त्या जागी दुसरं घालायचं नाही. आणि काकांचं नाव ठेवून खाली काहीतरी गुळमुळीत लिहायचं, तेही नाही."

मी विचारलं, "तुला तिथं जायचं नाही का?"

"जायचं आहे," ती म्हणाली. "तुम्ही शनिवारी सकाळी बाजारात जाता ना, तेव्हा मी अजून बसते. काकांनी दिलेलं तेवढंच म्हणते. पुढचं मला कोणी दिलेलंच नाही."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या वहीत या सव्वादोन वर्षांतल्या प्रत्येक शनिवारी भाज्यांची नावं आहेत.

मल्हारीची माय भिवराबाई काय म्हणतील ते कळेपर्यंत मी रकाना कोरा ठेवतो. त्या नको म्हणाल्या तर पुरवणी जोडणार नाही, असं प्रमीला सांगितलं आहे. तिनं मान हलवली.

व्यंकट


परभणी, रविवार, १६ जून १९५७

ती. स्व. दादांस सा. नमस्कार.

काल सकाळी मल्हारी आला, आणि त्याच्यामागून मोटारस्टँडवरून पायी चालत भिवराबाई. सत्तरीच्या असतील. मला वाटलं होतं निरोप येईल. त्या ओट्यावर बसल्या, अंबिकानं दिलेलं पाणी प्यायल्या, आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"व्यंकट, ल्हानपणी आमच्या वाड्यावर येऊन शेळीचं दूध पिऊन जायचास तू. आठवतंय का?"

"आठवतं."

"अन् जबाब द्यायला जाताना एकदा आला असतास वाड्यावर तर? काय वाट वाकडी व्हत व्हती का तुला?"

मल्हारी म्हणाला, "माय, जाऊ दे."

"जाऊ दे कसं? म्हाराज घरी जेवायला बसत्यात तवा पार्वताबाईच्या ताटात काय असतंय ते मी बघितलंय. आमच्यापायी झालं म्हणून रातचा घास उतरंना मला, ह्यानं सांगितल्यापून." मग माझ्याकडे वळल्या. "आमच्या मालकाला दंडाचं भ्याव व्हतं. मालक गेला. मला कशाचं भ्याव? गावात ज्येला हाय त्येला असू दे. मी उघडलं तोंड. काल म्हाराजांच्या दारात जाऊन त्यांच्याबी कपाळाला भंडारा लावला, आज तुझ्या." आणि कमरेच्या पिशवीतून भंडारा काढून त्यांनी माझ्या कपाळाला लावला. तुम्ही त्यांना काय म्हणालात ते मी विचारलं. "काई न्हाई. बसून ऱ्हायले. मग म्हणले, भिवरा, बरं झालं."

मी म्हटलं, "मला हे कागदावर लिहावं लागेल. सरकारात, कॉलेजात, सगळीकडं."

"लिव. पर देव बाटला असं लिवू नको. पाव्हणा म्हून आला व्हता, असं लिव."

प्रमी आतून येऊन पाया पडली. भिवराबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. "ह्यो काकाचा गळा व्हय? कालेजात जोरात गा, बाई. कुणाला भिऊन बारीक गाऊ नको."

त्या असतानाच मी रकाना भरला. पेन्सिलीचा कच्चा मजकूर प्रमीला वाचायला दिला. त्यात 'गैरसमजामुळे' असा शब्द होता. तिनं त्यावर बोट ठेवलं. "हे काढा. गैरसमज दोघांचा असतो. काकांचा काय समज चुकला होता?" मी काढलं. शेवटी शाईनं लिहिलं ते असं :

'गुरू हे माझे थोरले बंधू. १९५५ साली सरकारी चौकशीत मी त्यांच्याविरुद्ध जबाब दिला. त्यातला एक भाग मी स्वतः पाहिलेला नव्हता, तो अनुमानाचा होता आणि चुकीचा होता. १९४८ साली देव गावातील येडबा धनगर यांच्या वाड्यावर पाहुणे म्हणून असताना बंधूंची सेवा तिथे रोज चालू होती. माझ्या जबाबाने त्यांची जमीन गेली व येणे थांबले. शिक्षण थांबण्यास मी कारण आहे. मुलीकडे दोष नाही. जबाब दुरुस्तीचा अर्ज देत आहे.'

दोन बोटांच्या रकान्यात ते मावलं नाही. शेवटच्या तीन ओळी समासात आडव्या गेल्या.

दुपारी हेडमास्तरांच्या घरी गेलो. त्यांनी मजकूर दोनदा वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"हे असंच पाठवायचं?"

"असंच."

"थोडं सौम्य नाही करता येणार? मुलीच्या दृष्टीनं म्हणतो."

"मुलीनंच एक शब्द काढायला लावला."

त्यांनी सही केली. शिक्का मारताना म्हणाले, "तहसिलातून काही आलं तर मला आधी सांगा. बाहेरून कळायला नको." मला त्यातून धीर घ्यावा की धसका, ते ठरवता आलं नाही. प्रमीनं स्वतः पोस्टात जाऊन अर्ज आणि पुरवणी रजिस्टर केली. पावती तिनं तिच्या भूगोलाच्या पुस्तकात ठेवली आहे.

कॉलेजातल्या कोणाला एवढं सगळं वाचायला वेळ असेल का? असला तर त्यांना ते प्रामाणिक वाटेल की विचित्र? तीन जागांसाठी ज्या मुलींचे अर्ज आले असतील त्यांच्या रकान्यांत सरळ दोन, चार, पाच वर्षं लिहिलेली असतील. माझ्यामुळं तिचं गाणं एकदा थांबलं. आता या कागदामुळं कॉलेजही थांबलं तर मी तिला काय सांगणार? अंबिकाला विचारलं. ती म्हणाली, "तिला काही सांगू नका. तिनं ठरवून टाकलंय. तुमचंच ठरायचं राहिलंय."

खरं आहे. पुरवणीत मी 'अर्ज देत आहे' असं लिहिलं, आणि तो अर्ज अजून दिलेला नाही. आज रविवार, कचेरी बंद. तो मसुदा मात्र काल रात्रीच लिहून काढला आहे. भिवराबाई आणि मल्हारी दोघंही लागेल तेव्हा येऊन सांगायला तयार आहेत. जमीन परत होईल की नाही याचं वचन मला देता येत नाही, आणि तुम्ही मला क्षमा करावी असंही या पत्रात मागत नाही. प्रमीला निकाल कळेल तेव्हा ती तुम्हांला स्वतः लिहील. तिनं पत्ता माझ्याकडून उतरवून घेतला आहे.

व्यंकट

ता. क. वहीत उद्याच्या पानावर आजच लिहून ठेवलं आहे : कचेरी उघडताच तहसिलात जाऊन १५ मार्च १९५५च्या जबाबाच्या दुरुस्तीचा अर्ज देणे.